ऑगस्ट व्हॉल्मर

ऑगस्ट व्हॉल्मर (७ मार्च, इ.स. १८७६ – ४ नोव्हेंबर, इ.स. १९५५) हे अमेरिकन पोलीस अधिकारी, प्राध्यापक आणि पोलीस प्रशासनाचे अभ्यासक होते. कॅलिफोर्निया राज्यातील बर्कली शहराचे ते पहिले पोलीसप्रमुख होत. पोलिसांना पद्धतशीर प्रशिक्षण, गुन्ह्यांच्या तपासात विज्ञानाचा वापर, नोंदींची शास्त्रशुद्ध व्यवस्था आणि विद्यापीठात पोलीस विषयाचे अध्यापन या गोष्टी अमेरिकेत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. कबुलीजबाब मिळवण्यासाठी आरोपीला मारहाण करण्याच्या प्रथेला त्यांनी ठाम विरोध केला. या कार्यामुळे त्यांना अमेरिकेतील आधुनिक पोलीस व्यवस्थेचे जनक मानले जाते.

सुरुवातीचे जीवन

व्हॉल्मर यांचा जन्म लुईझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स येथे जर्मन स्थलांतरित कुटुंबात झाला. ते लहान असतानाच वडिलांचे निधन झाले. त्यानंतर आई मुलांसह काही काळ जर्मनीत राहिली. पुढे हे कुटुंब अमेरिकेत परतले आणि कॅलिफोर्नियात, प्रथम सॅन फ्रान्सिस्को व नंतर बर्कली येथे, स्थायिक झाले. व्हॉल्मर यांचे औपचारिक शिक्षण प्राथमिक शाळेच्या पुढे फारसे गेले नाही. तरुणपणी त्यांनी एका भागीदारासह गवत, धान्य, लाकूड व कोळसा यांचे दुकान चालवले. उत्तर बर्कलीतील स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या उभारणीतही त्यांचा सहभाग होता.

इ.स. १८९८ मध्ये स्पेन व अमेरिका यांच्यात युद्ध सुरू झाले, तेव्हा ते सैन्यात भरती झाले आणि फिलिपिन्समध्ये तोफखान्याच्या तुकडीत लढले. परतल्यावर त्यांनी बर्कलीत टपाल वाटण्याची नोकरी धरली. इ.स. १९०४ मध्ये मालाने भरलेला रेल्वेचा एक डबा उतारावरून सुटून स्थानकात उभ्या असलेल्या प्रवासी गाडीच्या दिशेने निघाला होता. व्हॉल्मर यांनी त्यावर उडी मारून ब्रेक लावला आणि अपघात टळला. या प्रसंगामुळे त्यांचे नाव गावभर झाले. स्थानिक वृत्तपत्राच्या संपादकाने त्यांना निवडणूक लढवण्याचा आग्रह केला आणि इ.स. १९०५ मध्ये ते बर्कलीचे मार्शल म्हणून निवडून आले. त्या काळी हे पद शहराच्या पोलीस व्यवस्थेच्या प्रमुखाचे होते.

बर्कलीतील सुधारणा

व्हॉल्मर यांच्याकडे आलेले दल अगदी लहान होते. प्रशिक्षणाची सोय नव्हती आणि नोंदीही नीट ठेवल्या जात नव्हत्या. त्या काळच्या अमेरिकेत पोलिसाची नोकरी बहुधा राजकीय पुढाऱ्याच्या मर्जीने मिळे व त्याच्या मर्जीनेच जाई. व्हॉल्मर यांनी प्रथम जुगाराच्या अड्ड्यांवर छापे घातले आणि मग दलाची रचना हाती घेतली. गस्तीवरील पोलिसांना सायकली दिल्या. चौकाचौकांत लाल दिवे बसवले. दिवा लागला की गस्तीवरील पोलिसाने जवळच्या दूरध्वनी पेटीवरून ठाण्याशी संपर्क साधायचा, अशी ही योजना होती. पुढे मोटारसायकली व मोटारगाड्या आल्या आणि गस्तीचे क्षेत्र वाढले.

गुन्हेगाराची काम करण्याची ठरावीक पद्धत असते, या इंग्लंडमधील पोलिसांनी वापरलेल्या तत्त्वावर त्यांनी गुन्ह्यांच्या नोंदींचे वर्गीकरण सुरू केले. बोटांचे ठसे, हस्ताक्षर, रक्ताचे डाग, धागे आणि माती यांच्या तपासणीसाठी त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातील शास्त्रज्ञांची मदत घेतली. इ.स. १९०८ मध्ये त्यांनी बर्कली पोलिसांसाठी शाळा सुरू केली. तेथे फौजदारी कायदा, पुराव्याचे नियम, छायाचित्रण, प्रथमोपचार असे विषय शिकवले जात. शिकवणाऱ्यांत विद्यापीठातील प्राध्यापकही असत. इ.स. १९०९ मध्ये शहराच्या नव्या सनदेनुसार मार्शलचे निवडणुकीचे पद रद्द झाले आणि व्हॉल्मर यांची पोलीसप्रमुख म्हणून नेमणूक झाली. इ.स. १९३२ पर्यंत, मधला थोडा काळ वगळता, ते या पदावर राहिले.

पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी विद्यापीठातील विद्यार्थ्यांना पोलीस दलात घेण्यास सुरुवात केली. उमेदवारांच्या बुद्धिमापन चाचण्या घेतल्या जात. इ.स. १९१९ मध्ये त्यांनी वॉल्टर गॉर्डन या कृष्णवर्णीय तरुणाची नेमणूक केली. दलातील काहींनी विरोध केला, पण व्हॉल्मर यांनी नेमणूक मागे घेतली नाही. गॉर्डन यांनी नोकरी करतानाच कायद्याची पदवी घेतली आणि पुढे ते अमेरिकन व्हर्जिन बेटांचे राज्यपाल झाले. इ.स. १९२५ मध्ये बर्कलीच्या दलात महिला अधिकाऱ्याचीही नेमणूक झाली.

कोठडीतील मारहाणीला विरोध

संशयिताला झोपू न देणे, उपाशी ठेवणे, धमकावणे किंवा मारणे आणि त्यातून कबुली मिळवणे या प्रकाराला अमेरिकेत थर्ड डिग्री म्हटले जाई. अनेक शहरांत तपासाचे ते नेहमीचे साधन होते. व्हॉल्मर यांनी बर्कलीत त्यावर बंदी घातली. मारहाणीने मिळालेली कबुली खरी असेलच असे नाही, शिवाय तिच्यावर विसंबणारा पोलीस पुरावा शोधण्याचे कष्ट घेत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

या मारहाणीला पर्याय म्हणून त्यांनी एका यंत्राला प्रोत्साहन दिले. त्यांच्या दलातील जॉन लार्सन या शरीरशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेल्या अधिकाऱ्याने इ.स. १९२१ मध्ये रक्तदाब व श्वासोच्छ्वास यांची सलग नोंद करणारे उपकरण तयार केले. हे उपकरण आधुनिक असत्यशोधक यंत्राचे पूर्वरूप होय. मात्र यंत्राकडून असलेली अपेक्षा पूर्ण झाली नाही. रक्तदाबावर आधारित अशाच एका चाचणीचा निष्कर्ष वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने इ.स. १९२३ मध्ये पुरावा म्हणून नाकारला. यंत्राचा धाक दाखवून कबुली मिळवण्याचे प्रकारही घडू लागले आणि लार्सन स्वतःच पुढे या वापराचे टीकाकार बनले. बळजबरी थांबवण्यासाठी आणलेले साधन दबावाचे नवे साधन ठरू शकते, हे यातून दिसून आले.

लॉस एंजेलिस व इतर शहरे

इ.स. १९२१-२२ मध्ये व्हॉल्मर पोलीसप्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. देशभरातील गुन्ह्यांची आकडेवारी एकाच पद्धतीने गोळा व्हावी, असा आग्रह त्यांनी धरला. इ.स. १९२३ मध्ये बर्कलीतून रजा घेऊन त्यांनी एका वर्षासाठी लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुखपद स्वीकारले. हे दल भ्रष्टाचार आणि राजकीय हस्तक्षेप यांमुळे बदनाम झाले होते. व्हॉल्मर यांनी भरतीची पात्रता वाढवली, प्रशिक्षण सुरू केले, नोंदींची पद्धत बदलली आणि दलाची सविस्तर पाहणी करून अहवाल लिहिला. परंतु शहरातील राजकीय हितसंबंध त्यांच्या विरोधात होते. वर्ष संपताच ते बर्कलीला परतले आणि त्यांच्या बऱ्याच शिफारशी बाजूला पडल्या. चांगला प्रमुख आणला तरी त्याला स्वातंत्र्य आणि पुरेसा कार्यकाळ मिळाला नाही तर सुधारणा टिकत नाही, हा या वर्षाचा धडा त्यांच्या पुढील लेखनात वारंवार येतो. त्यांनी डेट्रॉईट, हवाना, शिकागो, कॅन्सस सिटी आदी शहरांच्या पोलीस दलांचीही पाहणी केली.

विकरशॅम आयोग

राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी इ.स. १९२९ मध्ये माजी महान्यायवादी जॉर्ज विकरशॅम यांच्या अध्यक्षतेखाली कायद्याचे पालन व अंमलबजावणी यांचा अभ्यास करण्यासाठी राष्ट्रीय आयोग नेमला. इ.स. १९३१ मध्ये आयोगाचे १४ अहवाल प्रसिद्ध झाले. त्यांपैकी पोलिसांविषयीचा चौदावा अहवाल व्हॉल्मर यांच्या देखरेखीखाली तयार झाला. पोलीसप्रमुखाचा अल्प व असुरक्षित कार्यकाळ, राजकारण्यांचे वर्चस्व, भरती व प्रशिक्षणातील ढिलाई आणि अपुरी साधने ही पोलिसांच्या अपयशाची प्रमुख कारणे त्यात नोंदवली आहेत. आयोगाचा अकरावा अहवाल झकराया चेफी, वॉल्टर पोलॅक व कार्ल स्टर्न या कायदेतज्ज्ञांनी तयार केला होता. थर्ड डिग्रीचा वापर देशात सर्रास होतो, असे त्यात पुराव्यानिशी दाखवले होते. अमेरिकेत पोलिसांच्या गैरवर्तनाची राष्ट्रीय पातळीवर झालेली ही पहिली मोठी चौकशी होय.

अध्यापन व लेखन

इ.स. १९१६ मध्ये व्हॉल्मर यांनी कायद्याचे प्राध्यापक अलेक्झांडर किड यांच्यासह कॅलिफोर्निया विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्राचे उन्हाळी वर्ग सुरू केले. इ.स. १९२९ ते १९३१ या काळात ते शिकागो विद्यापीठात पोलीस प्रशासनाचे प्राध्यापक होते. त्यानंतर त्यांनी इ.स. १९३७ पर्यंत बर्कली येथे अध्यापन केले. द पोलीस अँड मॉडर्न सोसायटी (१९३६) हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. अमली पदार्थांचे व्यसन हा पोलिसांपेक्षा डॉक्टरांचा विषय आहे, असे मत त्यांनी त्यात मांडले. मद्य, जुगार व वेश्याव्यवसाय यांविषयीचे नैतिक कायदे पोलिसांवर लादल्याने भ्रष्टाचार वाढतो, असेही ते म्हणत. मृत्युदंडाला त्यांचा विरोध होता. इ.स. १९३४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना लोककल्याण पदक दिले.

अखेरचे दिवस

उतारवयात व्हॉल्मर यांना कंपवात व कर्करोग यांनी ग्रासले होते आणि दृष्टीही अधू झाली होती. ४ नोव्हेंबर, इ.स. १९५५ रोजी त्यांनी बर्कली येथील राहत्या घरी आत्महत्या केली. बर्कलीजवळच्या टेकड्यांतील एका शिखराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

वारसा व टीका

व्हॉल्मर यांचे शिष्य ओ. डब्ल्यू. विल्सन यांनी विचिटा व शिकागो येथे त्यांच्या पद्धती राबवल्या. इ.स. १९४१ मध्ये व्हॉल्मर यांच्या घरी झालेल्या पोलीस विषयाच्या अध्यापकांच्या बैठकीतून जी संघटना उभी राहिली, तीच आज अमेरिकन सोसायटी ऑफ क्रिमिनॉलॉजी म्हणून ओळखली जाते. ही संस्था व्हॉल्मर यांच्या नावाने पुरस्कार देते. इ.स. १९५० मध्ये बर्कली येथे गुन्हेगारीशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय स्थापन झाले. पुढे तेथील काही अध्यापक पोलीस व्यवस्थेचेच कठोर टीकाकार बनले. मोठ्या वादानंतर इ.स. १९७६ मध्ये हे विद्यालय बंद झाले.

अलीकडील संशोधकांनी व्हॉल्मर यांच्या कार्याची दुसरी बाजूही पुढे आणली आहे. फिलिपिन्समधील वसाहतवादी युद्धात वापरलेली लष्करी तंत्रे त्यांनी शहरी पोलीस व्यवस्थेत आणली, असे समाजशास्त्रज्ञ जुलियन गो यांनी दाखवले आहे. गुन्हेगारीचा संबंध वंश व आनुवंशिकतेशी जोडणाऱ्या, त्या काळी प्रचलित असलेल्या सुप्रजननशास्त्रीय कल्पनांना त्यांच्या अभ्यासक्रमात स्थान होते. मोटारीतून फिरणारा पोलीस वस्तीतील लोकांपासून दुरावला, ही टीकाही त्यांच्या प्रारूपावर होते. पोलिसाने कायदा मोडून कायदा राखू नये, हे त्यांनी बर्कलीत घालून दिलेले तत्त्व मात्र पोलीस सुधारणांच्या चर्चेत आजही पायाभूत मानले जाते.