ताळा पाहणारा गणिती : ॲलन ट्यूरिंग

थोर पुरुषांचे पराक्रम सर्वांच्या डोळ्यांत भरतात. परंतु आपल्या कामातील चूक दुसऱ्यास सहज सापडावी म्हणून ज्याने बुद्धी वेचली, असा पुरुष विरळाच. इंग्लंडातील गणिती ॲलन ट्यूरिंग हे अशांपैकी एक होत. त्यांचे अल्पचरित्र विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ट्यूरिंग ह्यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी नोकर होते, व मातोश्रींचा जन्मही त्याच इलाख्यातील पोदनूरचा. आईबाप हिंदुस्थानात आणि मुले इंग्लंडात दुसऱ्याच्या घरी, अशा स्थितीत त्यांचे बालपण गेले. १९२६ साली शेरबर्न येथील शाळेत ते जावयास निघाले, तो सार्वत्रिक संपामुळे आगगाड्या बंद! तेव्हा ह्या मुलाने साउथॅम्प्टनहून सुमारे ६० मैलांची वाट सायकलवर तुडविली व शाळा गाठली. मात्र त्यांचे अक्षर गचाळ व मांडणी अव्यवस्थित असे, आणि त्याबद्दल शिक्षकांची नेहमी तक्रार असे. १९३० साली त्यांचा जिवलग मित्र ख्रिस्तोफर मॉरकॉम क्षयाने वारला. तो आघात सोसून त्यांनी अभ्यासास वाहून घेतले, व पुढील वर्षी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात प्रवेश मिळविला.

१९३६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी एक अपूर्व निबंध लिहिला. लेखी आज्ञा क्रमाने पाळणाऱ्या एका काल्पनिक यंत्राची त्यांनी त्यात रचना केली. आजचा संगणक त्याच कल्पनेचे मूर्त रूप होय. परंतु त्याच निबंधातून एक मर्यादाही सिद्ध झाली. कोणतीही आज्ञावली पुढे ठेवावी आणि ती शेवटी कशी वागेल हे यंत्राने दर वेळी बिनचूक सांगावे, अशी सर्वगामी युक्ती असूच शकत नाही. यंत्राचे सामर्थ्य व त्याची सीमा एकाच लेखणीने दाखविली, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे त्यांनी जर्मनांच्या एनिग्मा यंत्राची गुप्त लिपी उलगडण्याच्या कामी मोठा भाग उचलला. युद्धानंतर खरे संगणक उभे राहू लागले, आणि नवीच अडचण पुढे आली. शेकडो आज्ञांची लांबलचक आज्ञावली बरोबर आहे, हे पडताळावे कसे?

२४ जून १९४९ रोजी केंब्रिज येथील परिषदेत ट्यूरिंग ह्यांनी ह्यावर निबंध वाचला. त्यांनी दृष्टांत घेतला तो साध्या बेरजेचा. समजा, ४७, ५८ व ६९ ह्यांची बेरीज करावयाची आहे. केवळ १७४ हे उत्तर दिले, तर तपासणाऱ्यास सारा हिशेब पुन्हा करावा लागतो. एककांची बेरीज २४, म्हणून ४ मांडले व हातचे २, अशी नोंद ठेवली, तर प्रत्येक रकाना निराळा तपासता येतो. त्याचप्रमाणे आज्ञावली लिहिणाराने ठिकठिकाणी, येथवर अमुक गोष्ट सिद्ध झालेली असली पाहिजे, अशी विधाने नोंदवून ठेवावी, म्हणजे तिचा ताळा भागाभागाने पाहता येईल, असा त्यांचा अभिप्राय होता.

पुढील पिढ्यांनी हा विचार आणखी एक पाऊल पुढे नेला. उत्तर आज बरोबर येत असूनही रचना सदोष असू शकते. तळेगाव ढमढेरे व आसपासच्या गावांतील वाचकांस परिचित असे उदाहरण घेऊ. दुधाचे बिल काढणाऱ्या आज्ञावलीत फॅटचा दर एकाच जागी न ठेवता चार जागी लिहिला आहे, असे समजा. आज बिले अचूक निघतील. पण दर वाढला आणि तीनच जागी बदलला, तर एखाद्या शेतकऱ्याच्या घामाचे पैसे नकळत बुडतील. गवंडी जसा भिंत कलण्यापूर्वीच ओळंबा लावतो, तसे हे दोष आधीच हेरले पाहिजेत. १९७८ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन ह्यांनी संशयास्पद आज्ञा दाखविणारे लिंट नावाचे साधन सादर केले; आणि १९९९ साली मार्टिन फाउलर ह्यांच्या ग्रंथात अशा दोषांस दुर्गंध हे मार्मिक नाव देऊन त्यांची यादी केली गेली. पुनरुक्ती, अतिलांब आज्ञागट, एकाच विभागावर पडलेला सारा भार, हे त्यांतील काही. आज संगणकच ओळी, फाटे व पुनरुक्ती मोजून असे दोष दाखवितो. आपल्या पुण्यातही १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन केंद्रात, आज्ञावलीतील दोष यंत्राकडून शोधविण्याचे संशोधन झाले आहे. तथापि वास येतो तेथे कुजलेलेच असते, असे नव्हे. लांब आज्ञागट कधी योग्यही असतो. अखेरचा निवाडा मनुष्यानेच करावयाचा.

ट्यूरिंग ह्यांचा शेवट मात्र दुःखद झाला. समलिंगी संबंध हा तेव्हा इंग्लंडात गुन्हा मानीत. १९५२ साली त्यांस दोषी ठरवून शरीरावर औषधांचा उपचार सोसावयास लावले गेले, आणि ७ जून १९५४ रोजी, ४१ व्या वर्षी, सायनाइडने त्यांचा अंत झाला. ज्या देशाचे रक्षण करण्यास त्यांनी हातभार लावला, त्याच देशाने त्यांस असे वागविले! २०१३ साली राजाज्ञेने त्यांची शिक्षा माफ करण्यात आली. कायद्याच्या रचनेतही दोष राहतात, व ते वेळीच न शोधल्यास एका जिवाचे मोल द्यावे लागते, हे ह्यावरून दिसते.

विद्यार्थ्यांनो, ज्याच्या वहीस शिक्षक नावे ठेवीत, त्यानेच पुढे जगास स्वच्छ ताळा ठेवण्याची रीत दाखविली. तुम्हीही गणितात हातचे लिहीत जा; आपले काम दुसऱ्यास तपासता येईल असे ठेवा; आणि कोणी चूक दाखविली, तर राग न मानता त्याचे उपकार माना.