सेनापती बापटांची पुस्तिका आणि आपला लॉगिन पासवर्ड

घरच्या कॉम्प्युटरला लॉगिन पासवर्ड टाकला की आतलं सगळं सुरक्षित झालं का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मी मुळशी तालुक्यात राहतो. आमच्याच तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क आहे आणि मुळशीचं धरणही. त्या धरणाविरुद्धच्या सत्याग्रहाने ज्यांना सेनापती केलं, त्या बापटांच्या आयुष्यात मला या प्रश्नाचं उत्तर दिसतं. म्हणून आधी त्यांची गोष्ट सांगतो, सेटिंग्ज त्याच्या ओघात येतील.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते शिष्यवृत्तीवर १९०४ साली एडिंबरोला इंजिनिअरिंगसाठी गेले. तिथे ब्रिटिश राजवटीविरुद्ध जाहीरपणे बोलले आणि शिष्यवृत्ती गेली. मग लंडनच्या इंडिया हाउसमधल्या मंडळींशी त्यांचे संबंध जुळले आणि बाँबची विद्या मिळवायला ते पॅरिसला पोचले. बंगालचे हेमचंद्र दासही त्याच कामासाठी तिथे आले होते. रशियन क्रांतिकारकांकडून त्यांना जी माहिती मिळाली तिची इंग्रजीत पुस्तिका झाली, प्रती निघाल्या आणि १९०८ मध्ये बापट भारतात परतले.

आता इथे नीट लक्ष द्या. पुस्तिका अत्यंत गुप्त होती, पण आतला मजकूर साध्या इंग्रजीत होता. मे १९०८ मध्ये पोलिसांनी कलकत्त्याच्या माणिकतला बागेवर छापा घातला, तेव्हा तिथे तिची एक प्रत सापडली. १९०९ मध्ये नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घराची झडती झाली. तिथेही त्याच मजकुराची टाइप केलेली प्रत मिळाली. ही प्रत जास्त पूर्ण होती: दाट टाइप केलेली ६० पानं आणि ४५ आकृत्या. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात हे सगळं नोंदलेलं आहे.

घराला दार असतं, कडी असते, पण झडतीवाला एकदा आत आला की कागद स्वतःहून काही लपवत नाही. वर दोन्ही प्रतींचा मजकूर जुळल्यामुळे नाशिक आणि कलकत्ता यांचा धागाही उघड झाला. म्हणजे एका घरातल्या कागदाने दुसऱ्या गावच्या माणसांनाही अडचणीत आणलं.

आपला लॉगिन पासवर्ड ही अशीच दाराची कडी आहे. विंडोज सुरू झाल्यावर ती तुम्हाला अडवते. पण फाइल्स असतात हार्ड डिस्कवर, आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर त्या साध्या मजकुरासारख्या वाचता येतात. चोराने लॅपटॉप नेला, डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, की पासवर्ड कुणी विचारतच नाही. पेनड्राइव्हवरून दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू केली तरी तेच. पासवर्ड पाहुण्यांना, मुलांना, सहज डोकावणाऱ्याला थांबवतो. मशीन हातात असलेल्या माणसाला थांबवत नाही.

उपाय एकच, कागदावरचा मजकूरच सांकेतिक करणं. कॉम्प्युटरच्या भाषेत एन्क्रिप्शन. विंडोज प्रोमध्ये ते बिटलॉकर नावाने असतं आणि होम आवृत्तीत, मशीनमध्ये सोय असेल तर, डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाने. मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स. गंमत म्हणजे एन्क्रिप्शन चालू झालं की मगच आपल्या पासवर्डला खरा अर्थ येतो, कारण आता डिस्क काढून नेली तरी चोराच्या हाती नुसती अगम्य अक्षरं लागतात.

पण बापटांची गोष्ट इथे संपत नाही. अलीपूर खटल्यात माफीच्या साक्षीदाराने त्यांचं नाव घेतलं आणि त्यांना भूमिगत व्हावं लागलं. १९१२ मध्ये ते पकडले गेले, १९१५ मध्ये सुटले. गुपित माहीत असलेला माणूसच फुटला तर कुठलीही लिपी उपयोगी पडत नाही. फोनवर कुणाला पासवर्ड सांगितला, किंवा लॉगिन केलेलं मशीन तसंच उघडं ठेवून चहाला गेलात, तर एन्क्रिप्शन तिथे काहीच करू शकत नाही. इंटरनेटवरून आत शिरलेल्या व्हायरसलाही उघडी डिस्क तशीच दिसते जशी तुम्हाला दिसते.

पुढे टाटांच्या धरणात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या म्हणून १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला आणि बापट त्याचे सेनापती झाले. या लढ्याचा पाया उघडपणा हाच होता. सत्याग्रही येऊन कामाच्या जागी बसत आणि अटक करवून घेत. बापट तीनदा तुरुंगात गेले. धरणाच्या कामाची रेल्वे अडवल्याबद्दल शेवटची शिक्षा झाली सात वर्षांची. धरण झालंच, जमिनी बुडाल्या. ते १९३१ मध्ये सुटले, १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात त्यांच्या हस्ते तिरंगा फडकला आणि २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या आयुष्याच्या या दोन भागांतून मी एक साधी गोष्ट घेतो. जे लपवायची गरज नाही ते राखायचीही गरज नाही. म्हणून आधी कॉम्प्युटरवरचे नको असलेले आधारचे, पॅनचे, खरेदीखताचे जुने स्कॅन काढून टाका आणि रिसायकल बिनही रिकामा करा. जे ठेवायचंच आहे त्यासाठी एन्क्रिप्शन चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये तपासा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते आधीच चालू असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

चालू करताना ४८ आकडी रिकव्हरी की मिळते. ती कागदावर लिहून घरात वेगळ्या जागी ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. ती हरवली आणि मशीनने मागितली, तर तुमच्या फाइल्स तुम्हालाही मिळणार नाहीत. त्यामुळे एन्क्रिप्शन चालू करण्याआधी बॅकअप घ्या, आणि बॅकअपची डिस्कसुद्धा एन्क्रिप्ट करा. नाहीतर माणिकतल्याची प्रत लपवली आणि नाशिकची सापडली, असं व्हायचं.