कावेरीकाठचा इंग्रजी कथाकार : के. एस. वेंकटरमणी

कावेरी जेथे समुद्राला मिळते तेथील कावेरीपट्टणम् हे वेंकटरमणींचे जन्मग्राम. ‘शिलप्पदिकारम्’ या प्राचीन तमिळ महाकाव्यातील कथेचा आरंभ ज्या वैभवशाली नगरीत होतो, तिचेच हे उरलेसुरले खेडे. दक्षिणेकडील रीतीप्रमाणे गावाचे हे नाव त्यांच्या नावाच्या आद्याक्षरात कायमचे राहिले. प्रत्यक्ष जीवन मात्र मद्रासेत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकारंभी जन्मलेल्या या तरुणाने कायद्याची पदवी घेतली आणि वकिलांची वस्ती म्हणून ख्यात असलेल्या मैलापुरात तो स्थायिक झाला. तेथे बसून त्याने लिहिले ते खेड्याविषयी, आणि तेही इंग्रजीत.

१९२१ साली ‘पेपर बोट्स’ हा ग्रामजीवनावरील लघुनिबंधांचा संग्रह निघाला. त्यांची खरी ओळख झाली ती १९२७ च्या ‘मुरुगन, द टिलर’ या कादंबरीने. राजा राव यांच्या ‘कांथापुरा’च्या अकरा वर्षे आधीची ही कृती आहे, ही गोष्ट आपल्याकडे सहसा ध्यानात घेतली जात नाही. रामू आणि केदारी हे दोन मित्र. केदारी मद्रासेत वकिलीत पैसा मिळवतो आणि विलासात बुडून कफल्लक होतो. भिडस्त रामू सरकारी नोकरीत पायरीपायरीने वर चढतो. अखेर दोघेही खेड्याकडे परततात आणि गांधीजींच्या अर्थविचाराला अनुसरून एक आदर्श वसाहत उभारतात. ज्याचे नाव ग्रंथाला दिले तो मुरुगन मात्र रामूचा इमानी सेवक म्हणून कडेलाच उभा राहतो. हा दोष केवळ रचनेचा नव्हे. नांगर धरणाऱ्याविषयी लेखकाला अपार ममता होती. पण त्याच्या डोळ्यांनी जग पाहणे त्याला साधले नाही. शिवाय, मुरुगनला वाचता येणार नाही अशा भाषेत मुरुगनची कथा सांगितली जात होती.

१९३२ मध्ये आलेली ‘कंदन, द पेट्रियट’ सविनय कायदेभंगाच्या वातावरणातील आहे. ऑक्सफर्डला शिकलेला कंदन आय. सी. एस. ची नोकरी सोडतो आणि पोलिसांच्या गोळीला बळी पडतो. येथेही उपदेशाचा भार कथेला जड होतो. तरीही कावेरीचे पात्र, तिची वाळू, धानाची खाचरे यांचे वर्णन येताच लेखणी एकदम मोकळी होते. अशा ठिकाणी वकील आणि सुधारक दोघेही मागे पडतात. १९३७ च्या ‘जटाधरन’ या कथासंग्रहात ही मोकळीक अधिक आढळते, कारण लहान कथेत योजना मांडण्यास वाव कमी.

वेंकटरमणी पुढे स्वभाषेकडे वळले. त्यांच्या कादंबऱ्यांची तमिळ रूपे प्रसिद्ध झाली. त्यांनी स्वतः ‘भारत मणि’ हे तमिळ मासिक संपादिले. ग्रामपुनर्रचनेचा विषय येथेही सुटला नाही. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांतच त्यांचे निधन झाले. तोवर इंग्रजी वाचकाला आर. के. नारायण यांचे मालगुडी परिचयाचे झाले होते.