नरसीचा शिंपी

संत नामदेव (१२७०-१३५०) म्हणजे हिंगोली जिल्ह्यातील नरसीच्या शिंपी घराण्याचा मुलगा. राजाईचा नवरा, चार मुलांचा बाप. दासी जनाबाई याच घरात दळता-कांडता कवयित्री झाली. औंढ्याला नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे पिटाळले आणि देऊळच फिरले म्हणतात. देऊळ फिरल्याचे आम्ही मानत नाही. शिंप्याला पिटाळल्याचे मात्र सहज पटते!

१३३८ मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. परंपरा सांगते, ढिगाऱ्यातून महाराची हाडे वेचून पंढरपुरी नेली ती नामदेवांनीच. हे काम त्यांना कुणी सांगितले होते? पण पंढरीच्या देवळात चोखोबांच्या समाजाला पाऊल टाकायला १९४७ उजाडले. नामदेव पायरी आणि चोखोबांची समाधी आजही महाद्वारी समोरासमोर आहेत.