सावित्रीबाई फुले : मायेचा वारसा

नायगावात १८३१ साली जन्मलेल्या सावित्रीबाई शिक्षिका म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या घरातल्या मायेचे मूळ मात्र फारसे कोणी सांगत नाही. आईविना पोर जोतीरावांना वाढवले ते विधवा मावसबहीण सगुणाबाईंनी. मिशनऱ्याकडे अनाथ मुले सांभाळताना आलेली कणव त्यांनी घरी आणली. पुढे ती मैत्रीतही दिसते. १८५६ साली सावित्रीबाई आजारपणात माहेरी होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात काळजी होती ती शाळेचा भार एकटीवर पडलेल्या फातिमाची!

पोटी मूल नव्हते. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, डॉक्टर केला.

आपल्या कुवेतची गलबते जिथे नांगर टाकत, त्या मुंबई बंदरात १८९६ साली प्लेग शिरला. तो पुण्यालाही पोहोचला. आईच्या शब्दाखातर यशवंतरावांनी हडपसरजवळ दवाखाना मांडला. वयाची सहासष्ट वर्षे झालेल्या सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले गायकवाडांचे आजारी पोर पाठीवर घेऊन तिथे आणले. पोर वाचले. सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या.

काही वर्षांनी साथ परतली, तेव्हा यशवंतरावही रुग्णसेवा करता करता त्याच रोगाने गेले.