लोकनायक बापूजी अणे

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील वणी या गांवीं २९ ऑगस्ट १८८० रोजीं माधव श्रीहरि अणे यांचा जन्म झाला. नागपुरास विद्याभ्यास करून त्यांनीं यवतमाळ येथें वकिली आरंभिली. ते लोकमान्य टिळकांचे निष्ठावंत अनुयायी होते. १९३० सालीं पुसदच्या राखीव जंगलांत गवत कापून त्यांनीं कायदेभंग केला व कारावास पत्करला.

परंतु त्यांची खरी कसोटी १९३४ सालीं लागली. ब्रिटिश सरकारच्या १९३२ सालच्या जातीय निवाड्यानें मतदारसंघ जातिधर्मानुसार विभक्त ठेवले होते. काँग्रेसनें तो निवाडा स्वीकारलाही नाहीं व धिक्कारलाही नाहीं. ही तटस्थता बापूजींस पटेना. ज्या संस्थेचे ते वर्षभरापूर्वीं हंगामी अध्यक्ष होते, तिच्या कार्यकारिणीचा राजीनामा देऊन त्यांनीं पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासह काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष स्थापिला. मध्यवर्ती कायदेमंडळांत या पक्षास थोड्याच जागा मिळाल्या. त्यांतील बऱ्याच बंगालच्या होत्या. निवाडा कायमच राहिला.

तथापि जुन्या सहकाऱ्यांविषयीं त्यांनीं मनांत वैर धरलें नाहीं. १९४३ सालीं गांधीजींच्या उपोषणप्रसंगीं त्यांनीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांतील अधिकारपद सोडलें. पुढें ते बिहारचे राज्यपाल झाले. २६ जानेवारी १९६८ रोजीं ते निवर्तले.

थोड्यांच्या बाजूस उभें राहूनही बहुतांचा द्वेष न करणें, हा धडा आम्हीं आमच्या जिल्ह्याच्या या सुपुत्राकडून घ्यावा.