पाठीवरच्या ओझ्याचा हिशेब मांडणारा डॉक्टर

खर्ड्याजवळची बालाघाटाची चढण असो की याच जिल्ह्यातले १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, चढावर माणूस स्वतःच्या वजनाबरोबर पाठीवरचे, अंगावरचे आणि पायांतले सामानही वर उचलत असतो. त्याची शरीराला काय किंमत पडते, हे थेट हिमालयात जाऊन मोजणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. ग्रिफिथ प्यू.

प्यू यांचा जन्म १९०९ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. ते डॉक्टर होते आणि पट्टीचे स्कीपटूही. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली होती. दुखापतीमुळे ती संधी हुकली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लेबनॉनच्या डोंगरांत सैनिकांना प्रशिक्षण दिले. आहार, कपडे आणि ओझे यांवर जवानाचा दम कसा अवलंबून असतो, याचा अभ्यास तिथेच सुरू झाला.

१९५२ मध्ये ते चो ओयू मोहिमेबरोबर गेले. एव्हरेस्टसाठी ऑक्सिजनचे नळकांडे न्यावे की नाही, यावर तेव्हा मोठा वाद होता. प्यू यांनी सुमारे ६,००० मीटर उंचीवर गिर्यारोहकांना चढायला लावून मोजमाप केले. मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन घेतला, तर होणारा फायदा उपकरणाचे वजनच खाऊन टाकत होते. चार लिटर घेतल्यावर मात्र चढणे स्पष्टपणे सोपे होत होते. म्हणजे प्रत्येक वस्तूने आपले वजन वसूल करून दिले पाहिजे.

बुटांचाही हिशेब असाच. पाय दर पावलाला उचलावा, पुढे न्यावा आणि थांबवावा लागतो. त्यामुळे पायांतले एक किलो पाठीवरच्या चार-पाच किलोंइतके दमवते. १९५३ च्या मोहिमेसाठी हलके, उबदार बूट तयार झाले. दिवसाला तीन-चार लिटर द्रव पोटात जावे, म्हणून बर्फ वितळवायला चांगले स्टोव्ह नेले गेले. २९ मे रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोहोचले. प्यू यांचे नाव मात्र फारसे कुणाच्या ओठांवर आले नाही.

त्यांचे सामान्यांच्या सर्वांत उपयोगाचे काम पुढचे आहे. मार्च १९६४ मध्ये इंग्लंडमधील डर्बीशर भागात ‘फोर इन्स’ या चालण्याच्या स्पर्धेत, पाऊस आणि वाऱ्यात तीन तरुणांचा गारठून मृत्यू झाला. ते डोंगर फार उंच नव्हते आणि तिथे गोठवणारी थंडीही नव्हती. मग असे का झाले? प्यू यांनी प्रयोगशाळेत गार वाऱ्यात, ओल्या कपड्यांनिशी स्वयंसेवकांना सायकल चालवायला लावली. भिजलेल्या कपड्यांची ऊब वाऱ्यात जवळजवळ संपते. तेवढ्याच कामाला शरीर जास्त ऑक्सिजन खर्च करते, दम लवकर लागतो. थकलेला माणूस सावकाश चालतो, त्यामुळे उष्णता आणखी कमी तयार होते आणि शरीराचे तापमान घसरत जाते.

१९९४ मध्ये प्यू यांचे निधन झाले. त्यांचा हिशेब पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्यालाही लागू पडतो. जड बूट आणि अनावश्यक सामान घरी ठेवावे. भिजल्यावर न वाळणारी जीन्स टाळावी. वारा अडवणारे जाकीट, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरडा कपड्यांचा जोड, पाणी आणि खाऊ मात्र वजन वाढले तरी सोबत हवेच. एखादा सोबती अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला पुढे रेटू नये. आडोसा शोधून आधी त्याचे ओले कपडे बदलावेत.